वाळवंटी अंगणात हमिंगबर्ड: आधी फुले, मग साखरपाणी

अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या पूर्वेकडील उपनगरात राहायला आल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक इवलासा पक्षी दिसला आणि मी त्याला बिनदिक्कत शिंजीर ठरवून मोकळा झालो. शेजाऱ्यांनी चूक दाखवून दिली तेव्हा फरक नीट पाहिला. आपला शिंजीर सहसा फांदीला धरून फुलात चोच घालतो. हा मात्र फुलासमोर हवेत जागच्या जागी उभा राहत होता आणि काम झाल्यावर चक्क पाठीमागे उडत होता. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात, भारतात एकही जात नाही. त्यामुळे गावाकडच्या मंडळींना त्याचा व्हिडिओ पाठवला की ‘आमच्या जास्वंदीवरही येतो’ असे जे उत्तर येते, ते शिंजिराबद्दलचे असते.

ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातील घराच्या अंगणात हे पक्षी कसे आणावेत आणि आल्यावर त्यांची काळजी कशी घ्यावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. बहुतेक लोक सुरुवात फीडर, म्हणजे साखरपाण्याचे टांगते भांडे, विकत आणण्यापासून करतात, आणि मीही तशीच केली होती. आता माझे मत उलटे झाले आहे. ज्या गावात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसवर जातो, तिथे साखरपाण्याची बाटली हे पक्ष्यांसाठी सोय कमी आणि जबाबदारी जास्त असते. म्हणून आधी झाडे लावावीत आणि फीडर त्यांच्या जोडीला टांगावा. रोज फीडर धुण्याइतका वेळ नसेल, तर निदान उन्हाळ्यात तो टांगूच नये.

कोण, केव्हा येते

फीनिक्स आणि टक्सनच्या सखल भागात बारा महिने भेटणारा पक्षी म्हणजे ॲनाज हमिंगबर्ड. वजन जेमतेम ४ ग्रॅम, पाठ हिरवी, आणि नराचे डोके व गळा गुलाबी-लाल. हा रंग मात्र उजेड योग्य कोनातून पडला तरच पेटतो, नाहीतर डोके काळेच दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा पक्षी मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात वीण करणारा मानला जाई. घरोघरच्या बागा आणि फीडर वाढले तसतसा त्याने आपला मुलूख पूर्वेकडे आणि उत्तरेकडे वाढवला. वाळवंटी शहरातील त्याचा मुक्काम हीच मुळात बागांची करणी आहे.

दुसरा, आणि खऱ्या अर्थाने वाळवंटाचा रहिवासी, म्हणजे कॉस्टाज हमिंगबर्ड. तो आणखी लहान, सुमारे ३ ग्रॅमचा असतो. नराच्या गळ्यावरचा जांभळा पट्टा दोन्ही बाजूंना भरघोस मिशांसारखा लोंबतो. तो हिवाळ्यात आणि वसंतात वाळवंटात वीण उरकतो आणि कडक उन्हाळा लागण्याआधी यातील बरेच पक्षी किनाऱ्याकडील थंड प्रदेशात निघून जातात. साधारण एप्रिल ते सप्टेंबर या काळात ब्लॅक-चिन्ड हमिंगबर्ड असतो. जुलैच्या सुमारास उत्तरेकडून परतीच्या वाटेवर असलेला तांबूस रूफस कधीकधी डोकावतो आणि आला की अंगण आपल्या बापाचे असल्यासारखा इतरांना हुसकावतो. टक्सनकडे ब्रॉड-बिल्डही नित्याचा आहे. याहून अधिक जाती पाहायच्या असतील तर आग्नेय ॲरिझोनातील मडेरा कॅन्यन, रॅमझी कॅन्यन किंवा पॅटागोनिया गावातील पेटन सेंटर गाठावे. घरच्या अंगणात दोन-तीन जाती स्थिरावल्या तरी पुष्कळ झाले.

संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारा, पंखांवर पांढऱ्या रेघा असलेला मोठा पतंग अनेकदा हमिंगबर्ड समजला जातो. त्याला जवळून पाहिले तर चोचीच्या जागी गुंडाळता येणारी सोंड आणि डोक्यावर मिशा दिसतात.

झाडे कुठे आणि कशी लावावीत

लागवडीचा खरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आहे. मे महिन्यात रोपवाटिकेत फुललेले झाड पाहून मोह होतो, पण तेव्हा लावलेल्या रोपाची मुळे जमिनीत पसरण्याआधीच त्याला भाजून काढणारे ऊन सोसावे लागते. २०२३ मध्ये फीनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर होते. त्या उन्हाळ्यात ओकोटिओसारख्या काटक झाडांकडेही लक्ष द्यावे लागत होते, नव्या रोपांची तर गोष्टच सोडा.

खड्डा खोदायला घेतला की हातभर खाली पहार खण्णकन वाजते. हा कॅलिची, म्हणजे चुन्याने सिमेंटसारखा घट्ट झालेला मातीचा थर. त्यातून पाणी मुरत नाही आणि मुळेही पुढे सरकत नाहीत. खड्डा खणून झाला की तो पाण्याने काठोकाठ भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी पूर्ण जिरले असेल तर जागा चालेल. डबके साचलेले असेल तर पहारीने थर फोडून खाली वाट करून द्यावी किंवा सरळ चार हात बाजूला खणावे. खड्डा रोपाच्या मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दोन-तीन पट रुंद असावा. या देशी झाडांना शेणखताचे लाड लागत नाहीत, काढलेली मातीच परत भरावी. ठिबकची नळी खोडाला चिकटवू नये. झाड वाढेल तसे थेंबाचे तोंड बाहेर सरकवत जावे. पहिली दोन वर्षे नियमित, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे आणि नंतर हळूहळू तोडत न्यावे.

झाडे निवडताना ‘कोणते सुंदर’ यापेक्षा ‘कोणत्या महिन्यात काय फुललेले असेल’ हा प्रश्न विचारावा. पक्षी एकदा आला आणि पुढच्या महिन्यात अंगण रिकामे सापडले, तर तो दुसरे घर पाहतो.

हिवाळ्याचा मान चुपारोसाचा. स्पॅनिशमध्ये ‘चुपार’ म्हणजे चोखणे, आणि मेक्सिकोत हमिंगबर्डलाही याच नावाने हाक मारतात. हे झुडूप जस्टिशिया कुळातले, म्हणजे आपल्या अडुळशाचे भाऊबंद. थंडी ओसरू लागली की त्याच्या जवळजवळ निष्पर्ण हिरव्या काड्यांवर लाल नळीसारखी फुले लगडतात, आणि कॉस्टाजचा जीव त्यावर जडलेला असतो. जागा एकाच झाडापुरती असेल तर माझा कौल यालाच. त्याच कुळातील नारिंगी फुलांचे मेक्सिकन हनीसकल थोड्या सावलीतही फुलते, त्यामुळे ते भिंतीच्या आडोशाला लावता येते.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पॅरीज पेन्स्टेमनचे गुलाबी आणि फायरक्रॅकर पेन्स्टेमनचे लाल तुरे येतात. ही छोटी झाडे एकेकटी न लावता तीन-चारचे पुंजके करावेत. बी झडू दिले तर ती पुढच्या वर्षी खडीतून आपणहून उगवतात. मार्चपासून ओकोटिओच्या काटेरी छड्यांच्या टोकांना लाल झुंबरे लागतात. उत्तरेकडे निघालेल्या हमिंगबर्डना वाटेत याच फुलांचा मोठा आधार असतो. एप्रिलपासून पुढे रेड युक्का आणि डेझर्ट विलो ही जोडी बराच काळ साथ देते. डेझर्ट विलो नावापुरताच विलो आहे. तो टेकोमाच्या घराण्यातला, पानगळीचा लहानसा वृक्ष असून त्याच्या सावलीचाही उपयोग होतो.

भर उन्हाळ्यात आपल्या ओळखीची दोन झाडे कामी येतात. पिवळ्या घंटांचा टेकोमा इथे रस्तोरस्ती आहे, आणि शंकासूर तर इतका लोकप्रिय की कार्यालयांच्या वाहनतळांवरही त्याची लाल-केशरी फुले डोलतात. गावाकडे कुंपणाला लावलेला शंकासूर इथे रेड बर्ड ऑफ पॅराडाइज हे भारदस्त नाव घेऊन उभा असतो. त्याच्या शेंगा व बिया विषारी असल्याने लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून मात्र जपावे. उन्हाळ्याच्या अखेरीस हमिंगबर्ड ट्रम्पेट फुलतो; त्याला दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा द्यावी. शरद ऋतूत ऑटम सेज ही छोटी साल्विया फुलते आणि वर्तुळ पूर्ण होऊन पुन्हा चुपारोसाकडे येते.

झाडांवर कीटकनाशक फवारू नये. हमिंगबर्डना मकरंदातून केवळ इंधन मिळते; प्रथिनांसाठी ते चिलटे, मावा आणि बारीक कोळी खातात, आणि पिलांना तर हाच आहार मुख्य असतो. झाडावर मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटकावा, आणि थोडा राहिला तर राहू द्यावा. केळीच्या साली जाळीच्या पिशवीत घालून झाडाला टांगल्या की त्याभोवती चिलटे जमतात आणि पक्षी ती हवेतल्या हवेत टिपतात. शेजारी काय म्हणतील याचा विचार ज्याचा त्याने करावा.

साखरपाणी

कृती इतकी सोपी आहे की लोक तिच्यात उगाच सुधारणा करायला जातात. एक वाटी साधी पांढरी दाणेदार साखर आणि चार वाट्या पाणी. दोन्हींसाठी वाटी एकच वापरावी. पाणी गरम करून साखर पूर्ण विरघळवावी, झाकण ठेवून निववावे आणि मगच फीडरमध्ये भरावे. या प्रमाणात वजनाने सुमारे १७ टक्के साखर होते आणि ते अनेक फुलांच्या मकरंदाशी मिळतेजुळते आहे. उरलेले पाणी बंद बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. घरात क्षारकाढू यंत्र असेल तर त्या पाण्यात सोडियम वाढलेले असते, म्हणून स्वयंपाकघरातील गाळलेले पाणी घ्यावे.

सांगलीहून आलेल्या माझ्या आईला ही पांढरी साखर अजिबात पटली नाही. ‘माणसालासुद्धा वाईट म्हणता ना, मग त्या पाखराला कशाला? गूळ घाल चांगला,’ असे तिचे म्हणणे. तिचा जिव्हाळा खरा असला तरी सल्ला घातक होता. गूळ, ब्राऊन शुगर आणि कच्ची तपकिरी साखर यांत लोह असते आणि त्याची जास्त मात्रा या पक्ष्यांना सोसत नाही. मध तर त्याहून वाईट, कारण पाण्यात मिसळताच तो लवकर आंबतो आणि त्यात बुरशी वाढते. कृत्रिम गोडी देणाऱ्या पदार्थांत ऊर्जाच नसते. पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलवणाऱ्या आणि दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर लागणाऱ्या पक्ष्याची ती शुद्ध फसवणूक ठरते. लाल रंगाचीही मुळीच गरज नाही, फीडरचा लाल भाग पक्ष्याला दुरून दिसतो. दुकानात मिळणारे तयार लाल पाणी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला अनावश्यक रंग होय.

फीडर कोणता आणि कुठे

बाजारात दोन ठळक प्रकार मिळतात. एक उलट्या बाटलीचा आणि दुसरा पसरट बशीचा, ज्याच्या झाकणाला छिद्रे असतात. वाळवंटात बशीचाच घ्यावा. कारण साधे आहे. उलट्या बाटलीत पाण्याच्या वर अडकलेली हवा उन्हाने तापून फुगते आणि पाण्याला खालच्या छिद्रांतून बाहेर ढकलते. माझी पहिली बाटली मी हौसेने पश्चिमेच्या भिंतीला टांगली होती. दुपारी चारच्या सुमारास तिच्या चारही लाल फुलांतून थेंब पडू लागले, पाचला खालच्या फरशीवर तळहाताएवढा चिकट डाग झाला, आणि सहा वाजेपर्यंत कुंपणाच्या भिंतीपासून त्या डागापर्यंत मुंग्यांची सरळ रांग लागली. पक्षी एकही नव्हता. बशीच्या फीडरमध्ये पाणी छिद्रांच्या खाली असते, त्यामुळे ते गळत नाही. शिवाय तो दोन भागांत उघडतो आणि हात घालून घासता येतो. घासता येत नाही असा फीडर कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

जागा उत्तरेची किंवा पूर्वेची, दुपारनंतर पूर्ण सावलीची असावी. जवळ तीन-चार मीटरवर एखादे झाड असावे, कारण पक्षी आधी फांदीवर बसून अंदाज घेतो. त्या झाडाची वाळकी, उघडी काडी छाटू नये. नर तिच्यावरच पहारा देत बसतो. खिडकीजवळ टांगायचे असेल तर काचेपासून एक मीटरच्या आत टांगावे, म्हणजे पक्षी दचकून उडाला तरी काचेवर आदळण्याइतका वेग घेऊ शकत नाही. काचेच्या अगदी जवळही नाही आणि पुरेसा लांबही नाही, अशा मधल्या अंतरावरचा फीडर सर्वांत धोक्याचा. एकाच नराने कब्जा केला असेल तर दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा लावावा. शेजारी शेजारी दोन लावले तर तो दोन्हींची राखण करतो.

कमी भरावे आणि वारंवार भरावे. चार पक्ष्यांसाठी काठोकाठ फीडर भरण्याचा अर्थ उरलेले आंबवणे एवढाच होतो. दिवसाचे तापमान वीस अंशांच्या आसपास असेल तर पाणी चार दिवस टिकते, तीसच्या आसपास एक दिवसाआड बदलावे, पस्तिशीच्या पुढे रोज. चाळिशी ओलांडली की मी पहाटे अर्धी वाटी भरतो आणि संध्याकाळी उरलेले ओतून टाकतो. पाणी गढूळ दिसले, त्यात तंतू तरंगले किंवा छिद्राच्या कडेला काळा ठिपका आला, तर दिवस मोजत बसू नये.

धुताना भांड्याचा साबण शक्यतो टाळून कडकडीत पाणी आणि बारीक ब्रश वापरावा. आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरच्या पातळ पाण्यात तासभर भिजवावे. छिद्रांची नक्षीदार प्लास्टिक फुले सुटी करून आतून घासावीत, कारण बुरशी तिथेच सुरू होते. नंतर व्हिनेगरचा वास जाईपर्यंत खळखळून धुवावे आणि कोरडे करावे. दोन फीडर ठेवले तर एक वाळत असताना दुसरा टांगता येतो.

न बोलावलेले पाहुणे

मुंग्यांसाठी फीडरच्या वर पाण्याची छोटी वाटी अडकवण्याची सोय असते. तिच्यात साधे पाणीच घालावे. तेल किंवा व्हॅसलीन दांड्याला फासू नये, ते पिसांना लागले तर पक्ष्याला साफ करता येत नाही. जूनमध्ये ही वाटी संध्याकाळपर्यंत वाळून कोरडी होते, म्हणून ती रोज भरावी लागते.

मधमाश्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण १९९० च्या दशकापासून ॲरिझोनात आफ्रिकी संकराच्या, पटकन चिडणाऱ्या मधमाश्या पसरल्या आहेत. दोन-चार माश्या असतील तर फीडर एक-दोन मीटर सरकवावा. पक्षी तो लगेच शोधतो, माश्यांना वेळ लागतो. पाण्याची पातळी आणखी खाली ठेवावी आणि पिवळे भाग असलेला फीडर टाळावा. थवाच जमला असेल तर रात्री अंधारात फीडर काढून चार-पाच दिवस विसरावा. माश्यांना हवे असते ते बहुधा पाणी. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खडे घातलेली उथळ ताटली ठेवली की बराच भार हलका होतो.

टक्सनमध्ये आणि त्याच्या दक्षिणेला ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये रात्री भरलेला फीडर सकाळी कोरडा सापडतो. तो चोर बहुतेक मकरंद पिणारे वटवाघूळ असते. यांपैकी लेसर लाँग-नोज्ड हे वटवाघूळ अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत होते आणि २०१८ मध्ये ते यादीतून बाहेर आले. त्याला पिऊ द्यावे असे मला वाटते. सकाळी पुन्हा भरायचे काम वाढते एवढेच. फीडरवर हिरवा प्रार्थना कीटक, म्हणजे मँटिस, बसलेला दिसला तर मात्र त्याला उचलून लांबच्या झुडपावर सोडावे. तो हमिंगबर्ड पकडू शकतो. मांजर उडी मारून पोहोचेल अशा उंचीवरही फीडर नसावा.

हिवाळा आणि घरटी

शरद ऋतूत फीडर काढला नाही तर पक्षी स्थलांतर विसरतात, हा समज चुकीचा आहे. त्यांना निघण्याची सूचना मुख्यतः दिवसाच्या लांबीतून मिळते. सखल वाळवंटात तर ॲनाज आणि कॉस्टाज हिवाळाभर असतात, तेव्हा फीडर चालूच ठेवावा. गोठवणाऱ्या रात्री तो घरात घ्यावा आणि उजाडण्याआधी परत टांगावा, कारण पक्ष्याची पहिली फेरी अगदी पहाटे असते. थंड सकाळी एखादा पक्षी फांदीवर पिसे फुगवून निपचित, मेल्यासारखा दिसला तर त्याला हात लावू नये. ऊर्जा वाचवण्यासाठी तो रात्री शरीराचे तापमान खाली आणून जवळजवळ गोठल्यासारखा राहतो आणि ऊन लागले की शुद्धीवर येतो.

आंघोळीसाठी त्यांना खोल हौद नको असतो. पानांवर बारीक फवारा पडत असेल तर ते ओल्या पानांवरच अंग घासून घेतात. सकाळी दहा मिनिटे नळीचा धुक्यासारखा फवारा सोडला तरी पुरे.

ॲनाजची मादी डिसेंबरातच घरटे बांधायला घेते. आक्रोडाएवढी वाटी, वनस्पतींचा कापूस, आणि सगळे सांधणारे कोळ्याचे जाळे. त्या जाळ्यामुळे पिले वाढतील तसे घरटे ताणले जाते. म्हणून पडवीच्या कोपऱ्यातली सर्व जाळी झाडून काढू नयेत आणि डिसेंबर ते मे या काळात फांद्या नीट तपासल्याशिवाय छाटू नयेत. अंडी किंवा पिले असलेले घरटे हलवणे १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार गुन्हा आहे. पिलू खाली पडले असेल तर अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर आकाशकंदील उतरवायचा राहून गेला होता. जानेवारीच्या सुरुवातीला शिडी लावली तेव्हा त्याच्या वायरच्या वळशावर राखी रंगाची, अंगठ्याएवढी वाटी दिसली. आत पावट्याच्या दाण्यांएवढी दोन पांढरी अंडी होती, आणि मादी माझ्या कानापासून हातभर अंतरावर गुणगुणत थांबली होती. शिडी काढून घेतली. अंडी उबवायला दोन आठवड्यांहून थोडा अधिक काळ लागला, पिले उडायला आणखी तीन-साडेतीन आठवडे गेले, आणि तो कंदील होळीपर्यंत तसाच लटकत राहिला.